पेजरँकचा पेपर: सूत्र, पुरावा आणि शेवटचं परिशिष्ट

वेबसाइट सापडते कशी असं कुणी विचारलं की आपण 'गूगलवर' म्हणून मोकळे होतो. पण गूगलला ती कशी सापडते? मूळ उत्तर एका पेपरात आहे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज स्टॅनफर्डला पीएचडी करत होते, म्हणजे आपल्याच जातकुळीतले. एप्रिल १९९८ मध्ये ब्रिस्बेनच्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत त्यांनी तो मांडला. याचं सायटेशन सगळे देतात, वाचलेले कमी भेटतात. (मीही दोन वर्षं न वाचताच देत होते.)

यंत्रणेचं वर्णन हा पेपरचा सर्वात भक्कम भाग. क्रॉलर नावाचा प्रोग्राम लिंक धरून पानामागून पान उतरवतो. इंडेक्सर त्यातला प्रत्येक शब्द कुठे, केवढ्या अक्षरात आला ते नोंदवतो, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसं. तुम्ही शोधता तेव्हा शोध या सूचीत होतो, जिवंत इंटरनेटवर नाही. त्या वेळी सूचीत सुमारे २ कोटी ४० लाख पानं होती. क्रॉलर एकदा चुकून कुणाच्या ऑनलाइन गेममध्ये शिरला आणि खेळाच्या मधेच भलतेसलते संदेश उमटले, हेही लेखकांनी सांगून टाकलंय. पद्धतीचं प्रकरण असं लिहावं.

आता पेजरँक. एखादा माणूस लिंकवर लिंक दाबत फिरतोय, मधेच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतोय, अशी कल्पना करा. तो ज्या पानावर जास्त वेळा पोचेल ते पान महत्त्वाचं. लिंक पुढे धरण्याची शक्यता साधारण ०.८५ घेतलीय. इथे पेन घ्या. सगळ्या पानांच्या पेजरँकची बेरीज १ येते असं पेपर म्हणतो, पण छापलेल्या सूत्रात प्रत्येक पानाला सुरुवातीलाच ०.१५ मिळतात. प्रत्येक पानावरून निदान एक लिंक बाहेर जाते असं धरून बेरीज करा: ती पानांच्या एकूण संख्येइतकी येते. ०.१५ ला पानांच्या संख्येने भागायचं राहिलंय. पानांचा क्रम त्याने बिघडत नाही, पण वाक्य चूक आहे. इतक्या गाजलेल्या पेपरातली चूक तुम्ही स्वतः, दोन ओळींच्या गणिताने पकडू शकता. करून बघाच.

माझी खरी तक्रार पुराव्याबद्दल आहे. आमचे निकाल व्यापारी सर्च इंजिनांपेक्षा चांगले, असा दावा आहे. आधार काय? 'बिल क्लिंटन' या शोधाचं उदाहरण आणि लेखकांचा स्वतःचा अनुभव. वापरणाऱ्यांकडून पूर्ण तपासणी या पेपरच्या कक्षेबाहेर, असं म्हणून विषय संपवलाय. आपल्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य टाकलं तर कमिटी काय करेल, सांगायला नको. दावा पुढे खरा ठरला म्हणून तेव्हाचा पुरावा पुरेसा होता असं होत नाही.

शिवाय लिंक म्हणजे शिफारस, हे गृहीतक. लिंक लक्ष मोजते. ते लक्ष गुणवत्तेवरच गेलं असेल असं नाही. मुळात जे वेबवर नाही त्याला लिंक कुठून येणार? माझा पहिला लिटरेचर रिव्ह्यू शोधाच्या पहिल्या दोन पानांवर उभा होता. कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, "तो टंकलिखित मराठी प्रबंध पाहिलात का?" नव्हता पाहिला. तो कुठेच ऑनलाइन नव्हता. ग्रंथालयातल्या मॅडमनी दहा मिनिटांत काढून दिला, आणि माझा 'कुणीच न केलेला' मुद्दा त्यात तिसऱ्या प्रकरणात होता. दीड महिन्याचं काम पुन्हा केलं.

या पेपरच्या दोन आवृत्त्या आहेत. छापील छोटी सोडा, वेबवरची पूर्ण घ्या आणि परिशिष्ट 'अ' वाचा. 'सेल्युलर फोन' शोधल्यावर त्यांच्या इंजिनात सर्वात वर आला तो गाडी चालवताना फोन वापरल्याने लक्ष कसं विचलित होतं यावरचा अभ्यास. फोनच्या जाहिराती घेणारं इंजिन असा निकाल वर ठेवेल का, असा त्यांचा सवाल. जाहिरातींवर चालणारी इंजिनं जाहिरातदारांकडे झुकणारच, म्हणून विद्यापीठीय क्षेत्रात एक पारदर्शक इंजिन हवं, असा निष्कर्ष. ऑक्टोबर २००० मध्ये याच दोघांच्या कंपनीने ॲडवर्ड्स सुरू केलं.

यावरून लेखकांना ढोंगी ठरवणं सोपं आहे, पण ते समीक्षण नव्हे. युक्तिवाद तपासायचा तर आज गूगलचा क्रम नेमका कशाने ठरतो ते हातात हवं, आणि ते पूर्णपणे खुलं नाही. सर्च इंजिनांचं काम कंपन्यांच्या आत चालतं, बाहेर फारसं छापलं जात नाही, ही १९९८ च्या पेपरची स्वतःचीच तक्रार होती.