जिन्यातलं चैत्रांगण

चैत्रांगणाला ठिपके नसतात. ठिपक्यांच्या रांगोळीत हाताला आधार मिळतो. अकरा ते सहा ठिपके एकदा नीट मांडले की पुढची रेघ कुठून कुठे न्यायची हे ठिपकेच सांगतात. चैत्रांगणात ती सोय नाही. मोकळी जमीन, चिमटीत रांगोळी आणि डोक्यात यादी, एवढ्यावर सगळं काम. वर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली मखरात किंवा झोपाळ्यावर गौर, एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र, आणि मग शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, स्वस्तिक, कासव, नाग, गरुड, हत्ती, तुळशीवृंदावन, समई, करंडा-फणी, आरसा, विंझणा, कैरी, केळीचे खांब. कुणाच्या घरी एक्कावन्न चिन्हं म्हणतात, कुणाच्या घरी चौसष्ट. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय्यतृतीयेपर्यंत माहेरपणाला राहते. तोवर रोज सकाळी अंगण झाडून हे सगळं नव्याने काढायचं, अशी जुनी रीत.

स्टुटगार्टच्या परिसरातल्या तुम्हा मंडळींनी पाडव्याच्या स्मरणिकेसाठी दिघीहून लेख मागवलात, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माझी भाची तुमच्यातलीच. झिंडेलफिंगेनला राहते आणि चैत्र लागला की आपल्या चैत्रांगणाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकते. आमच्या मावश्या-माम्या ते फोटो बोटांनी मोठे करकरून पाहतात आणि चुका काढतात. गरुडाची चोच पोपटासारखी झाली, गदा उलटी धरली, नागाला एकच फणा का. दाद देण्याची आमची पद्धत ही अशी.

आमच्या पट्ट्यातून जर्मनीला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा आणि मर्सिडीज-बेंझचा कारखाना सुरू झाला, त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे आले, आणि दिघी-भोसरी-मोशीच्या पोरापोरींच्या बोलण्यात ‘ऑनसाइट’, ‘ए-वन’, ‘बी-वन’ हे शब्द रुळले. शनिवार-रविवार पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायचं, आठवडाभर शिफ्ट करायची. झिंडेलफिंगेनचा मर्सिडीजचा कारखाना १९१५ सालचा. आमच्या भोसरीच्या एमआयडीसीला तो आजोबा शोभेल. तिथे गेलेल्यांनी बॅगेत काय काय नेलं याची यादी केली तर लोणची, मेतकूट, भाजणी, साखरगाठी आणि तळाशी रांगोळीची पुडी. पांढऱ्या भुकटीची पुडी विमानतळावर उघडून दाखवताना घाम फुटतो, असं सगळ्याच सांगतात.

परदेशात कला जपली म्हणून कौतुक करायचं तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. चैत्रांगणाचं अंगण देश सोडताना गेलं नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, इथेच गेलं होतं.

दिघी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी ती ग्रामपंचायत होती. एका अंगाला लष्कराची हद्द, दुसऱ्या अंगाला भोसरीचे कारखाने, मधून आळंदीचा रस्ता. लष्करातून निवृत्त झालेली कुटुंबं इथे जागा घेऊन स्थिरावली. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून कामाला आलेली माणसं गुंठा-अर्धा गुंठा घेऊन राहिली. अर्ध्या गुंठ्यात घर बसतं, अंगण बसत नाही. शेणाने सारवलेल्या, गेरूने कड काढलेल्या अंगणात ज्यांनी चैत्रांगण शिकलं होतं, त्या बायका इथे आल्या आणि त्यांना मिळाली दारापुढची तीन फरश्यांची जागा. पुढे इमारती झाल्या तेव्हा फरशी आली व्हिट्रिफाइड: पांढरी, गुळगुळीत, चकचकीत. रांगोळी पांढरी, फरशी पांढरी. शिरगोळ्याची रांगोळी तिच्यावर ठरत नाही, आणि लिफ्टचं दार उघडलं की वाऱ्याने हत्तीची सोंड कासवापर्यंत जाते.

मग बायकांनी युक्त्या काढल्या. कुणी जुन्या पाटाला गेरू फासून त्यावर काढलं, कुणी प्लायवूडचा तुकडा काळा रंगवून घेतला, कुणी फरशीवरच गेरूचा चौकोन रंगवून सोसायटीच्या सेक्रेटरीचं बोलणं ऐकून घेतलं. काहींनी सरळ गेटबाहेर, डांबराच्या कडेला बसकण मारली. डांबरावर रांगोळी काय उठून दिसते ते दिघीकरांना सांगायला नको. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते तेव्हा हाच रस्ता रांगोळीने भरतो. आणि उरलेल्यांनी स्टिकर आणले. बाजारात आता अख्खं चैत्रांगण छापून मिळतं, गौरीपासून करंडा-फणीपर्यंत, एकही रेघ न चुकलेली. ते दाराशी चिकटवलं की महिनाभर बघावं लागत नाही. आणि कुणी बघतही नाही.

मला स्टिकरवाल्यांचा राग नाही. सकाळी सहाला कंपनीची बस पकडणारी बाई चौसष्ट चिन्हं कधी काढणार? पण फरक सांगितला पाहिजे. चैत्रांगण म्हणजे ती चिन्हं नव्हेत. ती चिन्हं काढणाऱ्या हाताचं वळण म्हणजे चैत्रांगण. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीतून रांगोळी सुटते, मधलं बोट तिला आवरतं, तळवा जमिनीला लागू द्यायचा नाही, आणि रेघ ओढायची नसते, सोडायची असते. हात थांबला की तिथे ढीग होतो. हात घाईत गेला की रेघ तुटते. वीस पावलांवरून माझी सासू सांगायची, हे कासव कोणाच्या घरचं. आमच्याकडे कासवाच्या पाठीवर चौकटी काढतात, शेजारच्या नांदेडकडच्या वहिनी कमळ काढतात. दोन्ही बरोबर.

तुमच्याकडे हे सारं पुन्हा एकदा पहिल्यापासून सोडवावं लागलं. घरात गालिचा किंवा भाड्याच्या घराचं लाकडी तळ, त्यावर ओरखडा उठला तर घरमालक अनामतीतून पैसे कापणार. बाहेर जिना, तो सगळ्यांचा. आणि श्वाबियात ‘केअरवोखं’ नावाचा प्रकार असतो हे मला भाचीमुळे कळलं. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला पाटी येऊन लटकते. भाचीने यातून जो मार्ग काढला तो मला फार आवडला. पाटी तिच्या दाराला लटकली की त्या आठवड्यात ती जिन्याच्या खालच्या दगडी लादीवर चैत्रांगण काढते. झाडायचं तिलाच आहे, मग तक्रार कोण करणार? पहिल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या आजीबाई जिना उतरता उतरता थबकल्या. स्वच्छ झाडलेल्या जागेवर ही बाई मुद्दाम भुकटी टाकते आहे, हे काही त्यांच्या पचनी पडेना. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की शनिवारी पुसणार ना? पुसते म्हटल्यावर वाकून नीट बघितलं, आणि विचारलं, की हा प्राणी कोणता. तो गरुड होता.

जिना नसेल तिथे रस्ता. वसंत लागला की तुमच्याकडच्या दुकानांत मुलांसाठी जाड रंगीत खडूंच्या बादल्या येतात आणि पोरं फुटपाथवर चित्रं काढत बसतात. त्याला कुणी हरकत घेत नाही. त्याच खडूंनी फुटपाथवर काढलेल्या चैत्रांगणाचे फोटो मी पाहिले आहेत. खडूची रेघ जाड येते, करंडा-फणीची नाजूक कामं जमत नाहीत, आणि पावसाची सर आली की गौर वाहून जाते. पण रोज नव्याने काढायची जी जुनी अट होती, ती पावसाने आपोआप पाळली जाते. आणि खडू मुलांच्या हातात असतात, हे त्याहून मोलाचं. रांगोळीची चिमटी सहा वर्षांच्या मुलाला धरता येत नाही, खडू धरता येतो.

२०२६ साली पाडवा १९ मार्चला आला. युरोपच्या पंचांगाने वसंत २० मार्चला लागतो, म्हणजे तुमची गुढी थंडीच्या शेवटच्या दिवशी उभी राहिली. दिघीत तोवर दुपारी बाहेर पडवत नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाचा सगळा बेत या उन्हाळ्यासाठी रचलेला: कैरीचं पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाच्या फोडी, हातावर गुलाबपाणी. हा सगळा गारवा तुमच्याकडे आठ-दहा अंशांत, अंगात स्वेटर घालून घ्यायचा. ऑस्ट्रेलियातल्या मराठी बायकांची तर आणखी गंमत. त्यांचा चैत्र पानगळीत येतो. तरी सगळीकडे पन्हं होतंच. चवीला ऋतूचं काय.

डाळीची कहाणी निराळी. हरभऱ्याची डाळ श्रीलंकेच्या तमिळ दुकानदाराकडे मिळते, खवलेलं खोबरं गोठवलेलं मिळतं, पण कैरी मिळेलच याचा भरवसा नाही, आणि मिळाली तर भाव ऐकून फोडणी आधी मनातच बसते. मग हिरवं आंबट सफरचंद किसून डाळीत घालायचं, वरून लिंबू. एकीने रूबार्ब घालून पाहिला. रंग गुलाबी आला, आंबटपणा बरोबर आला. मी इथे सफरचंदाची डाळ करून पाहिली. कैरीची चव नाही, पण डाळ भरड वाटलेली असली आणि फोडणीत हिंग सढळ असला तर पाहुणा दुसऱ्यांदा मागून घेतो. श्रीखंडात मात्र तुम्ही आम्हाला हरवलंत. रात्रभर दही टांगून चक्का करायची आमची खटपट, आणि तुमच्याकडे कुठल्याही दुकानात क्वार्कचा डबा. साखर फेटा, केशर-वेलची घाला, झालं. माझ्या मते ते आमच्यापेक्षा मऊ होतं. हे लिहिलेलं माझ्या जावेला दाखवू नका.

इथला चैत्र कसा असतो हे तुमच्या मुलांसाठी थोडं सांगते. दत्तगडावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. आसपासच्या गावांच्या यात्रा सुरू होतात, आणि २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून घाटात बैलगाडे पुन्हा पळतात. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची मिरवणूक, त्याच सुमारास मल्याळी शेजाऱ्यांचं विषू आणि तमिळ शेजाऱ्यांचं नवं वर्ष. निवृत्त फौजी कुटुंबांमुळे आमच्या एकाच मजल्यावर चार मुलखांच्या रांगोळ्या दिसतात. समोरच्या तमिळ मावशी पहाटे उभ्यानेच वाकून कोलम घालतात, ठिपक्यांभोवती एकच रेघ फिरवत. त्यांनाही हे गाव परकंच होतं. त्यांचं पाहून आमच्या मजल्यावरच्या दोन मुली पुन्हा चिमटी धरायला शिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माणसं एकत्र बसली तरच असल्या कला टिकतात. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून गेलेल्या मजुरांनी आपली जाखडी नेली. तिला तिथे झाकरी म्हणतात आणि गणपतीत ती आजही नाचतात. एकट्याने नाचता येत नाही म्हणूनच ती राहिली असावी, असं मला वाटतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. गणपती, दिवाळी, नाटक यांना तिथे ठरलेली जागा आहे. चैत्रगौर मात्र घरातली, बायकांची, दुपारची गोष्ट. ती मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत सहज येत नाही. तुम्ही ती आणलीत. भाड्याच्या सभागृहात, समईऐवजी विजेच्या पणत्या लावून, जमिनीवर काळं प्लास्टिक अंथरून आठ-दहा जणी गुडघ्यांवर बसल्या आहेत आणि प्रत्येकीची गौर निराळी, हे फोटोत पाहिलं. दोन पुरुषही होते. त्यातल्या एकाचा हत्ती सर्वांत चांगला होता. बहुधा ड्रॉइंग ऑफिसातला असावा.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचं मनापासून कौतुक. आमच्याकडे अजूनही हळदीकुंकवाचं बोलावणं करताना कुणाला बोलवायचं आणि कुणाला वगळायचं, याची कुजबुज होते. नवरा गेलेल्या बाईला दारावरूनच नमस्कार करून पुढे जाणारे लोक दिघीतही आहेत. तुमच्या आमंत्रणात ‘सर्व मैत्रिणी’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि त्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंपासून सगळ्या आल्या. परंपरेतली ही एक गोष्ट तुम्ही जपली नाहीत, हे फार चांगलं केलंत.

आता एक काम सांगते. तुमच्यात वऱ्हाडातल्या आहेत, कोकणातल्या आहेत, सोलापूरकडच्या, बेळगावकडच्या आहेत. प्रत्येकीच्या घरची चैत्रांगणाची यादी वेगळी आणि प्रत्येक चिन्ह काढायची तऱ्हा वेगळी. ती कुठल्याच पुस्तकात एकत्र नाही. ती आई-आजीच्या हातात आहे, आणि त्या आज्यांचे हात आता कापतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात याल तेव्हा आजीपुढे वही आणि पेन्सिल ठेवा, गौरीपासून विंझण्यापर्यंत एकेक चिन्ह काढून घ्या, खाली गावाचं नाव लिहा. पुढच्या पाडव्याच्या स्मरणिकेत लेख नको, ती पानं छापा. दिघीची पानं मी पाठवते.