पीटर ग्रीन : संयमाचे वादन

विजेवर चालणारी गिटार म्हणजे गलबला, असा आपल्याकडील पुष्कळ रसिकांचा ग्रह आहे. रॉक संगीतातील बरेचसे वादन ऐकल्यावर तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणवत नाही. परंतु त्याच संगीतात पीटर ग्रीनसारखा वादक होऊन गेला, याची दखल घेतल्यावाचून असा निकाल देणे अन्यायाचे होईल.

ग्रीनचा जन्म १९४६ सालचा, लंडनच्या ईस्ट एंड भागातला. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या वाद्यवृंदात एरिक क्लॅप्टनची रिकामी झालेली जागा त्याला मिळाली. अशा जागेवर येणाऱ्याने वेगाची चढाओढ मांडावी, हे स्वाभाविक होते. ग्रीनने तसे केले नाही. ‘अ हार्ड रोड’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतील ‘द सुपरनॅचरल’ या आपल्या रचनेत तो एकेक स्वर विरेपर्यंत धरून ठेवतो आणि श्रोत्याला वाट पाहावयास लावतो.

त्याच वर्षी त्याने स्वतःचा वाद्यवृंद काढला. पण नाव दिले ‘फ्लीटवुड मॅक’, म्हणजे ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बासवादक जॉन मॅकव्ही यांचे. मॅकव्ही तर तेव्हा रुजूही झाला नव्हता! टिपणी एकाची आणि स्वाक्षरी दुसऱ्याची, हा प्रकार आम्हां कचेरीतील मंडळींना अपरिचित नाही. येथे मात्र तो स्वखुशीचा होता. वादनातही हीच वृत्ती दिसते. ‘अल्बट्रॉस’ (१९६८) या शब्दविरहित रचनेत ड्रमचा नाद मंद लाटेसारखा येतो, डॅनी किर्वनची गिटार ग्रीनच्या स्वराला सोबत करते आणि कोणीही कोणावर मात करीत नाही.

१९७० मध्ये ग्रीनने हा वृंद सोडला. त्याच वर्षीची ‘द एंड ऑफ द गेम’ ही त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका मुक्त वादनाची आहे. तीत धाडस आहे, परंतु प्रस्तुत लेखकाला ती रिती वाटते. संयमाला आवरण्यासाठी काही तरी लागते. ब्लूजची बारा मात्राखंडांची चौकट आणि साथीदारांचा ठेका गेल्यावर ग्रीनचा स्वर निराधार झाला.

पुढे मानसिक आजाराने त्याची अनेक वर्षे हिरावून घेतली. हा आजार म्हणजे प्रतिभेची किंमत होय, असे काही भाविक टीकाकार सुचवितात. हे मत मला मान्य नाही. त्याचे श्रेष्ठ वादन बहुतेक १९७० पूर्वीचे असून ते सावध, विचारी हाताचे आहे. आजाराने त्याला कला दिली नाही. होती तीच नेली. ‘इन द स्काइज’ (१९७९) मध्ये तो परतला, तेव्हाही स्नोई व्हाइट या दुसऱ्या गिटारवादकाची सोबत घेऊनच; आणि १९९० नंतरच्या दशकातील पुनरागमनही ‘स्प्लिंटर ग्रुप’ या वृंदासहच झाले.

ग्रीन २०२० मध्ये निवर्तला. ज्यांचा गिटारविषयी पूर्वग्रह आहे, त्यांनी रात्री सामसूम झाल्यावर एकदा ‘अल्बट्रॉस’ ऐकावे आणि मगच निकाल द्यावा.