मालकंस : नाव आणि रूप

रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी गायिल्या जाणाऱ्या मालकंसाचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीस रचिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’तील ‘मालवकैशिक’ या ग्रामरागाचा आधार बहुधा दिला जातो. नावांचे नाते ग्राह्य आहे. परंतु नावाच्या सातत्यावरून स्वररूपाचे सातत्य गृहीत धरणे युक्त नव्हे. ग्रामरागांची व्यवस्था ग्राम-मूर्च्छनांवर उभी होती. आजचा मालकंस स्थिर षड्जावर, ऋषभ-पंचम वर्ज्य करून, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत व कोमल निषाद यांनी सिद्ध होतो. भातखंडे यांनी तो भैरवी थाटात घातला, तोही या प्रचलित रूपावरूनच.

‘कंस’ हा अंश पुढे प्रत्ययासारखा रूढ झाला, ही गोष्ट अधिक बोधक आहे. प्रचलित चंद्रकंसात निषाद तेवढा शुद्ध होतो. तेथे नाते स्पष्ट ऐकू येते. जगन्नाथबुवा पुरोहितांच्या जोगकंसात पंचम येतो. मधुकंसात तर मध्यम तीव्र असून धैवतच नाही. तात्पर्य, नाव कुळाचा निर्देश करते, रूपाचा निर्णय करीत नाही.

परभणी जिल्ह्यातील चारठाणा येथील प्राचीन मंदिरे ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखली जातात. म्हणून ती हेमाद्रीनेच बांधविली असे कोणी जाणता अभ्यासक म्हणत नाही. हाच विवेक रागनामांच्या बाबतीत पाळला पाहिजे. मालकंसाची थोरवी मध्यमाभोवती विस्तारणाऱ्या त्याच्या मींडयुक्त गांभीर्यात आहे. तिला वयाच्या दाखल्याची आवश्यकता नाही.