‘वाढ’ या पदाचे दोन अर्थ

जंबुपार किरणांमुळे शैवालाची वाढ खुंटते, हे विधान इतके रूढ झाले आहे की, त्यातील ‘वाढ’ या पदाचा अर्थ तपासण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. बॉथवेल, शेरबॉट व पोलॉक यांनी १९९४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध ही गरज स्पष्ट करतो.

उथळ गोड्या पाण्यात तळाशी राहणाऱ्या डायाटमांचे प्रकाशसंश्लेषण व वाढ २८० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे ‘ब’ पट्ट्यातील, किरणांनी मंदावते, असे त्यांना आढळले. तथापि हे किरण अडविलेल्या जागेपेक्षा ते पोहोचणाऱ्या जागीच शैवाल अधिक साचले. शैवालावर उपजीविका करणाऱ्या कायरोनॉमिडी कुळातील कीटकांच्या अळ्यांना किरणांची बाधा अधिक झाली, हे त्याचे कारण होय. वृद्धीचा वेग घटला, परंतु संचय वाढला. दोहोंस ‘वाढ’ म्हटल्यास विधान आत्मविरोधी भासते.

निबंधाचे शीर्षक मात्र केवळ ‘ब’ पट्ट्याचा निर्देश करते. अळ्यांना ‘अ’ पट्ट्यातील किरणही बाधक ठरले, हे त्यातून सूचित होत नाही. शिवाय उथळ पाण्यातील हा निष्कर्ष खोल समुद्रातील तरंगत्या शैवालास तसाच लावणे युक्त नव्हे. तरीही एकाच पोषणस्तराच्या परीक्षणावरून समग्र परिसंस्थेविषयी भाकीत करता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन ग्राह्य आहे. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने ‘वृद्धिवेग’ व ‘संचय’ ही पदे निरनिराळी योजावीत. एरवी प्रयोगशाळेत खरे ठरलेले विधान ओढ्यापाशी येताच खोटे ठरेल.