आकड्याशेजारचा बाण

दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवायची आणि मोबाइलवर दर काही मिनिटांनी ग्लुकोजचा आकडा वाचायचा. मधुमेहींसाठीच्या या साधनाची ओळख 'रक्तातील साखर सतत दाखवणारे यंत्र' अशी करून दिली जाते. हे वर्णन सोपे आहे, पण बरोबर नाही. ही चूक कधी महागात पडू शकते.

चकतीखालची केसासारखी तार रक्तवाहिनीत नसते. ती त्वचेखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असते. तारेवरील विकर, सामान्यतः ग्लुकोज ऑक्सिडेज, ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण घडवते आणि त्यातून मिळणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला जातो. विकर आणि विद्युतअग्र यांची ही जोडी क्लार्क व लायन्स यांनी 1962 मध्ये मांडली. मात्र रक्तातील ग्लुकोज या द्रवात उतरायला वेळ लागतो. त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना आकडा पाच ते पंधरा मिनिटे मागे राहू शकतो.

समजा, टाइप 1 मधुमेह असलेली एक विद्यार्थिनी खेळाच्या तासाला निघाली आहे. आकडा आहे 90 मिलिग्रॅम, शेजारचा बाण खाली. नुसता आकडा पाहणारे शिक्षक म्हणतील, "ठीक आहे, जा." त्या क्षणी रक्तातील पातळी 70 च्या खालीही गेलेली असू शकेल! बाण पाहणारे शिक्षक तिला थांबवतील. तिचे हात थरथरत असतील, घाम फुटला असेल, तर आकडा काहीही असो, बोट टोचून तपासावे. ते जमत नसेल तर लगेच साखर द्यावी.

म्हणून साधन टाकाऊ ठरत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायमंड' चाचणीत टाइप 1 मधुमेह असलेल्या, इन्शुलिनची इंजेक्शने घेणाऱ्या प्रौढांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. पण साखर उतरली ती चकतीमुळे नव्हे. आलेख पाहून इन्शुलिन, आहार आणि व्यायाम यांत केलेल्या बदलांमुळे. यंत्र मोजते, सांभाळ माणसालाच करावा लागतो. हे न सांगता यंत्र हातात देणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

आलेखावरचा बिंदू वेगळा आणि रेषेचा चढ वेगळा, हे आपण दहावीच्या वर्गात शिकवतोच. पुढच्या वेळी उदाहरण म्हणून हा आलेख फळ्यावर काढून पाहा. वर्गातल्या एखाद्या मुलीला तो धडा मैत्रिणीसाठी उपयोगी पडेल.