सॅलड ‘थंड’ असतं म्हणजे नेमकं काय?

डाएट फूडबद्दल कोरियन पारंपरिक वैद्यकाच्या बाजूने लिहिलेलं वाचायला लागलात की एक युक्तिवाद सारखा भेटतो. सॅलड, कोन्याकचा भात, प्रोटीन शेक हे सगळं ‘थंड’. त्याने ‘बिवी’, म्हणजे प्लीहा-जठर, मंदावतं. आणि ‘सोउम’ प्रकृतीच्या माणसाला त्रास जास्त होतो. डाएटवर गेल्यावर अनेकांचं पोट फुगतं, हे खरंच आहे. माझा आक्षेप कारणावर आहे.

पहिली अडचण ‘थंड’ या शब्दाची. हो जुनच्या ‘तोंगुइ बोगाम’पासून (१६१३) पदार्थाचा गुण ही वेगळी गोष्ट मानली जाते, थर्मामीटरशी तिचा संबंध नाही. मूग थंड गुणाचा, मग त्याचं धिरडं तव्यावरून गरमागरम उतरलेलं का असेना. पण लेखात याच शब्दाचा अर्थ मध्येच ‘फ्रिजमधलं’ असा होऊन जातो. आपण मराठी वाचक तर इथे हमखास फसतो, कारण ‘आंबा उष्ण पडतो’ हे ऐकतच वाढलेलो असतो. मान आधी डोलते, प्रश्न नंतर सुचतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. चार प्रकृतींची ही मांडणी ली जे-मा यांची, १८९४ची. प्रकृती ठरवताना शरीराची ठेवण, स्वभाव यांच्याबरोबर पचन कसं आहे हेही विचारतात. आता बघा: पचन नाजूक, म्हणून माणूस सोउम ठरला. मग अभ्यासात दिसलं की सोउम लोकांना अपचन जास्त. यात नवीन काय कळलं? जे मोजायचं तेच वर्गवारीत आधी घातलेलं होतं! असा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी प्रश्नावली उघडा आणि पचनाचे प्रश्न वगळूनही फरक उरतो का, ते पाहा.

शिवाय साधी कारणं समोर असतात. शुगर-फ्री चॉकलेटमधलं माल्टिटॉल लहान आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. उरलेलं मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात, वायू होतो. प्रोटीन बारमधल्या इन्युलिनचंही तेच. ‘थंड’ हे स्पष्टीकरण टिकवायचं तर एकच बार, एकदा माल्टिटॉल घालून आणि एकदा न घालता, कोणता कुठला हे न सांगता द्यायला हवा. प्रकृती त्याआधीच, पचनाबद्दल न विचारता ठरवलेली हवी. दोन्ही बारनी सोउम गटालाच जास्त त्रास झाला, तर मी माझा आक्षेप मागे घेईन.