कॅसेट भरून देणारा माणूस

माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने बारीक अक्षरात लिहिलंय : ‘ए साईड – भीमसेन, अभंग. बी साईड – प्रल्हाद शिंदे, मग कव्वाली. शेवटचं गाणं अर्धं आलंय. उलटून लगेच ए लावा.’ ती भरून देणारे गृहस्थ भोसरीतल्या एका लहान कारखान्यात टूलरूमला होते. वडिलांची आणि त्यांची ओळख बसमधली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त कोरी कॅसेट मागितली. पंधरा दिवसांनी ती हातात देताना म्हणाले, ‘पहिल्यांदा रात्री ऐका. सकाळी नको.’

त्या कार्डावर जे लिहिलंय त्याला मी संगीतसमीक्षा मानतो. भीमसेन जोशींच्या अभंगात एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वेगळ्या सुरावर उभी राहते. ख्यालाची सगळी मेहनत त्या चार शब्दांच्या पाठीशी असते. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कव्वालीच्या फडात तयार झालेला. तो वरच्या पट्टीतच सुरू होतो, मोकळा, कोरसच्या आणि टाळ्यांच्या जोरावर. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली त्यांनी एकाच गळ्याने आणि सारख्याच निष्ठेने गायली. हे ऐकून कॅसेट उलटली की भीमसेनांच्या गाण्यातली हाक ऐकू येते. इतके दिवस आपण फक्त गायकी ऐकत होतो, हे तेव्हा कळतं. त्या टूलरूमवाल्यांना ते आधीच कळलं होतं, आणि ते आम्हालाही कळावं म्हणून त्यांनी दोन बाजूंचा क्रम लावला होता.

दुसऱ्याला नेमकं काय आणि कशानंतर ऐकवायचं, ही एक कला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ती किती पिढ्या जगली आणि आज तिची काय अवस्था आहे, याचा हिशेब मराठीत कुणी मांडलेला नाही. गाणाऱ्यांवर आपण खूप लिहिलं. ऐकवणारे मात्र राहून गेले.

हा पट्टा मुळात बाहेरून आलेल्यांचा. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसीने जमिनी घेतल्या, टेल्को आणि बजाज उभ्या राहिल्या, 1982 मध्ये महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 10 लाख 12 हजार होती, 2011 मध्ये ती 17 लाख 27 हजार झाली. त्याच सुमारास चाकणला मोठ्या मोटार कंपन्या आल्या आणि पट्टा उत्तरेकडे सरकला. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांनी लग्नातले लाडे आणले. मराठवाड्यातून, खानदेशातून, सातारा-सांगलीकडून आलेल्यांनी भारूड, गवळण, लावणी, शाहिरी आणली. निगडीकडे मल्याळी वस्ती झाली. नंतर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली मुलं आली. एका शिफ्टला एका लाईनवर एवढ्या प्रकारची गाणी डोक्यात घेऊन माणसं शेजारी शेजारी उभी असतात. मुंबईच्या गिरणगावाला जशी शाहिरांनी भाषा दिली, तशी या पट्ट्याला अजून कुणी दिलेली नाही, हे मला खटकतं. पण गाण्यांची देवघेव इथे कधी थांबली नाही.

ती इथे नवीनही नाही. देहू एका अंगाला, आळंदी दुसऱ्या. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी संताजी जगनाडे यांचा जन्म परंपरेने चाकणचा सांगतात. समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. तुकोबांच्या मुखातले अभंग त्यांनी वह्यांत उतरवून ठेवले, आणि त्याच वह्यांच्या आधारे विनायक लक्ष्मण भाव्यांनी गेल्या शतकात गाथेची आवृत्ती काढली. ऐकलेलं हरवू नये, पुढच्याच्या हातात पडावं म्हणून तेलाचा धंदा सांभाळून लिहीत बसणारा हा माणूस चाकणचा. वह्यांत शब्द राहिले, चाली मात्र तोंडी राहिल्या, आणि त्या आजही तशाच फिरतात. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा सेकंड शिफ्ट सुटलेले कितीतरी जण घरी न जाता तिथे जातात. दिंडीतल्या कुणाला तरी ‘माउली, ही चाल कुठली?’ म्हणून विचारतात. उत्तरात गावाचं नाव येतं, एखाद्या बुवांचं नाव येतं, आणि मग चाल पुन्हा एकदा म्हणून दाखवली जाते. पुढच्या एकादशीला ती चिखलीच्या नाहीतर मोशीच्या भजनात ऐकू येते. भजनालाही क्रम असतो. रूपाचा अभंग आधी. गवळण कधी, भैरवी कधी हे ठरलेलं. अल्बम हा शब्द आपल्याकडे उशिरा आला, पण क्रमाने ऐकण्याची सवय जुनी आहे.

रेडिओने तीच सवय घराघरांत नेली. पुणे आकाशवाणी 1953 मध्ये सुरू झाली आणि 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण आठवड्याला एक गीत याप्रमाणे आलं; गाणी एकूण 56. लोक गीताची वाट पाहायचे, पुढचं गीत येईपर्यंत आधीचं गुणगुणायचे. ‘आपली आवड’मध्ये फर्माईश करणाऱ्याचं नाव गावासकट वाचलं जायचं, म्हणजे गाण्यासोबत शिफारस करणारा माणूसही ऐकू यायचा. या साध्या गोष्टीचं मोल आता कळतं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि बाकी सगळं बदललं. तोवर रेकॉर्डचा बाजार जवळजवळ एका कंपनीच्या हातात होता, आणि रेकॉर्ड प्लेअर कामगाराच्या घरात सहसा नसायचा. कॅसेट स्वस्त होती, घरी भरता यायची, गावाकडच्या गायकालाही काढता यायची. अमेरिकी संशोधक पीटर मॅन्युएल यांनी भारतातल्या या बदलावर 1993 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्या बाजूने मात्र हे पट्ट्यातल्या दुकानांच्या अंगाने लिहायला हवं होतं. पिंपरीच्या आंबेडकर चौकात 14 एप्रिलला पुस्तकांशेजारी कॅसेटचे ढीग लागायचे. वामनदादा कर्डकांची गाणी, शिंदे घराण्याची गाणी, नव्या गायक पार्ट्यांच्या कॅसेटी. लोक उभ्या उभ्या ऐकून निवडायचे, आणि दुकानदार गिऱ्हाईक बघून सांगायचा, ‘हे नको, तुम्ही हे घ्या.’ बाजारपेठेतल्या दुकानांत यादी देऊन कॅसेट भरून मिळायची. कायद्याने ते गैरच होतं, गायकाला त्यातून काही मिळत नव्हतं, आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण भरून देणाऱ्याला नव्वद मिनिटांचा हिशेब करावा लागायचा. पंचेचाळीस एका बाजूला, पंचेचाळीस दुसऱ्या. काय घ्यायचं, काय गाळायचं, कशानंतर काय. रीळ अडकलं की पेन्सिल घालून फिरवत बसायचं, त्यामुळे प्रत्येक कॅसेट हाताखालून गेलेली असायची.

पुढे मेमरी कार्ड आलं. चाकण चौकात, तळेगाव रस्त्याला मोबाईलच्या दुकानांत थोडक्या पैशांत कार्ड भरून मिळू लागलं. तिथे मात्र क्रम गेला. फोल्डर होते : ‘मराठी’, ‘भोजपुरी’, ‘भक्ती’, ‘जुने’. शेकडो गाणी एकदम मिळत होती, पण कुठल्या गाण्याला कुठल्या गाण्याशेजारी बसवायचं याचा विचार कुणी केलेला नव्हता. ऐकवण्याच्या कलेला पहिला मोठा धक्का इथे बसला असं माझं मत आहे. दोष सगळे मोबाईल ॲपला देतात, पण ते नंतर आलं.

ॲपने काय दिलं ते आधी प्रामाणिकपणे सांगायला हवं. 2016 मध्ये डेटा स्वस्त झाला, 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, यूट्यूब तर होतंच. पूर्वी किशोरीताईंचा भूप हवा असेल तर पुण्यात कर्वे रस्त्याला अलुरकरांकडे जावं लागायचं. आज म्हाळुंग्यातला कॉटबेसिसवर राहणारा मुलगा नाईट संपवून अंथरुणावर पडल्या पडल्या तो लावू शकतो. जी गाणी कुठल्याच दुकानात येत नव्हती, ओडिया, संबलपुरी, छत्तीसगढी, ती त्याला घरापासून इतक्या लांब मिळतात. हे फार मोठं आहे.

पण ते ॲप त्याला भूप सुचवणार नाही. जे ऐकतोय त्यासारखंच आणखी सुचवेल, कारण त्याचं सगळं गणित साम्यावर चालतं : हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं, म्हणून तेही घ्या. भीमसेनांनंतर प्रल्हाद शिंदे हा निर्णय त्या गणितातून निघणं अवघड आहे, कारण हे दोघे ऐकणारे लोक आपल्या समाजात वेगवेगळ्या वस्त्यांत राहत आले. बसच्या एका सीटवर ते शेजारी बसले म्हणून ती कॅसेट तयार झाली. आज त्याच सीटवर दोघांच्या कानांत दोन वेगळ्या वायरी असतात. सहा जणांच्या खोलीत सहा जण सहा प्रकारचं ऐकतात आणि एकमेकांचं एकही गाणं त्यांना माहीत नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

अल्बमचंही तसंच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ इथल्या इंजिनिअरिंग होस्टेलांत खोलीखोलीतून फिरला. त्यात कविता आणि गाणं यांची जोडी आहे. कविता हवा तयार करते, मग गाणं येतं. आज त्यातला तीस सेकंदांचा तुकडा पावसाच्या व्हिडिओखाली लागतो. तुकडा चांगलाच आहे. पण त्याआधीचं थांबणं ऐकलेलं नसेल तर त्या गाण्याचं निम्मं सौंदर्य हाती लागत नाही, आणि असं काही थांबणं आहे हे सांगणारा कुणी उरलेला नाही.

हे सांगण्याचं काम समीक्षेचं होतं. वामनराव देशपांड्यांची ‘घरंदाज गायकी’ 1961 ची. आजही उघडली तर कान तयार करते. अशोक दा. रानड्यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, जनसंगीत यांना कलासंगीताच्या बरोबरीने विचारात घेतलं, आणि त्यांच्याइतकं मोकळं मन त्यांच्यानंतर मला क्वचित दिसलं. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 पासून रेकॉर्ड संग्राहकांची संस्था चालवली, जुन्या तबकड्यांची माहिती जपली. एवढी पुण्याई असूनही मराठी संगीतलेखन मैफलीभोवतीच फिरत राहिलं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाचे वृत्तांत येतात. आपल्याकडे महापालिकेच्या स्वरसागर महोत्सवाची बातमी येते. नव्या ध्वनिमुद्रणाची मात्र फक्त प्रकाशनाची बातमी येते, पाहुण्यांच्या फोटोसह. मी एकदा एका मराठी रॅप अल्बमवर हजार शब्द लिहून एका दैनिकाकडे पाठवले. उत्तर आलं, ‘कार्यक्रम कधी आहे?’ कार्यक्रम नव्हता. लेख पडून राहिला. पट्ट्यातली बहुसंख्य माणसं मैफलीला जाऊच शकत नाहीत, शिफ्टच आड येते. त्यांचं सगळं ऐकणं ध्वनिमुद्रणातून. त्यांच्या ऐकण्यावर लिहायचं नाही असं ठरवलं, तर आपण कुणासाठी लिहितो?

मला मिळालेल्या शिफारशींतली एक सांगतो. निगडीतल्या एका मल्याळी शेजाऱ्यांनी मला इंडियन ओशनचा ‘कंदीसा’ ऐकवला. रॉक म्हणजे काय याची माझी कल्पना तेव्हा फार तोकडी होती. त्यांनी शीर्षकगीताबद्दल एवढंच सांगितलं की हे केरळच्या ख्रिस्ती लोकांचं जुनं सिरियाक स्तोत्र आहे, त्यांच्या आजीच्या चर्चमध्ये म्हणतात. ‘गिटार नंतर ऐका, आधी शब्द कसे ओढलेत ते ऐका.’ मी तसं ऐकलं, आणि मला आमच्या काकड्यातली पहाटेची ओढ आठवली. त्यांनी मला नुसता अल्बम दिला नव्हता, आत शिरायला दार दाखवलं होतं. चांगली शिफारस कान कुठे लावायचा ते सांगते. ‘भारी आहे, ऐक’ एवढंच म्हणून पाठवलेली लिंक बहुतेक वेळा उघडलीच जात नाही.

आणि आता उलटा प्रवासही सुरू झालाय, हे नोंदवलंच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात मी ती जुनी कॅसेट फाईलमध्ये उतरवून घेतली आणि मुलीला पाठवली. मुद्दाम दोनच फाईली केल्या, ए आणि बी, गाणी सुटी केली नाहीत. ती चाकणला एका पुरवठादार कंपनीत क्वालिटीला आहे. आठवडाभर काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, बी आधी लावली मी. अर्धं गाणं तुटतं तिथे दचकायला होतं. मग ए लावली आणि सगळं गप्प झालं.’ दुसऱ्या दिवशी तिने मला स्वदेसी या रॅप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ पाठवलं, आरेच्या जंगलावरचं, 2019 चं. सोबत लिहिलं होतं, ‘घरात नको. बसमध्ये ऐका, खिडकीशी बसून. आधी त्या वारली माणसाच्या आवाजाकडे लक्ष द्या, रॅप नंतर.’

सकाळी नाशिक फाट्याहून बस धरली. खिडकी मिळाली ती भोसरीच्या पुढे.